अकरा बीचची यादी

मेक्सिकोतल्या प्लाया देल कार्मेन या गावाच्या आसपास कुठले कुठले बीच आहेत, हे मला कुणी झोपेतून उठवून विचारलं तरी मी सांगेन. मी त्यातले अकरा निवडले होते आणि त्यांचा तक्ता केला होता. लाटा किती, सावली आहे का, वाळूत खडक आहेत का, शेवाळ वाहून येतं का, बाथरूम किती लांब, शाकाहारी काही मिळतं का, आणि आईला टेकायला पाठीची खुर्ची आहे का. ऑफिसच्या कुठल्याही कामासाठी मी एवढी राबलेले नाही. तो तक्ता मी आमच्या चार जणांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला. त्यावर माझ्या सख्ख्या भावाचं उत्तर काय, तर एक अंगठा.

अंगठा म्हणजे आवडलं की कळलं की तुझं चालू दे? मी प्रतापला विचारलं. प्रताप माझा नवरा. तो म्हणाला, "अंगठा म्हणजे अंगठा. तू आता झोप."

माझा स्वभाव तापट आहे असं घरात सगळे म्हणतात. मी म्हणते, बाकीच्यांनी हातावर हात ठेवून बसायचं आणि एकीनंच सगळं बघायचं, तर ती तापणार नाही तर काय होईल? अटलांटाजवळच्या अल्फारेटात आम्हाला वीस वर्षं झाली. इथं गणपतीचा हॉल बुक करण्यापासून कुणाच्या डोहाळजेवणाच्या डेकोरेशनपर्यंत सगळं शेवटी माझ्याच गळ्यात येतं. पण ही मेक्सिकोची ट्रिप तसली नव्हती. ती बिघडली तर पुन्हा करता येणार नव्हती.

शंतनू माझ्याहून नऊ वर्षांनी लहान. सिॲटलजवळ रेडमंडला एका सॉफ्टवेअर कंपनीत आहे. दोन वर्षांपूर्वी पुण्याला बाबा गेले, तेव्हा मी त्याच रात्रीच्या विमानानं निघाले. तो आला नाही. जुनी नोकरी गेली होती, नवीन लागून तिसराच आठवडा होता आणि व्हिसाचे कागद अर्धवट होते. देशाबाहेर पाऊल टाकलं तर परत घेणार नाहीत, असं त्याला वकिलानं सांगितलं होतं. वकिलानं! बाप गेल्यावर लोक वकिलाला विचारतात का? मी तेव्हा त्याला फोनवर हेच विचारलं होतं, आणि याहून वाईट शब्दांत.

मी पोचेपर्यंत बाबांना शवागारात ठेवलं होतं. स्मशानात नेईपर्यंत संध्याकाळ झाली. शंतनू व्हिडिओ कॉलवर होता आणि फोन माझ्या हातात होता. बाबांच्या चेहऱ्यासमोर मी तो धरला. हा स्क्रीनच्या अगदी जवळ आला. मग म्हणाला, "ताई, बाबांचा चष्मा कुठाय?"

माझं डोकंच फिरलं. तीस तासांचा प्रवास करून मी तिथं उभी होते. आईला धरायचं, गुरुजींशी बोलायचं, नातेवाइकांना तोंड द्यायचं, सगळं एकटीनं. आणि हा घरात बसून चष्म्याची चौकशी करतोय. मी फोन कट केला. त्यानं पुन्हा लावला, मी उचलला नाही. तेराव्यापर्यंत उचलला नाही. मग त्यानंही लावणं सोडलं. त्यानंतरच्या दोन्ही भाऊबिजा कोरड्या गेल्या.

या ऑक्टोबरात आई आली, टूरिस्ट व्हिसावर, सहा महिन्यांसाठी. ती मध्ये तीन आठवडे शंतनूकडे जाऊन आली. पण तो तिला सोडायलाही माझ्या घरी आला नाही. विमानतळावरून फोन करून व्हीलचेअरची सोय केली, तेवढंच. जानेवारीत आई मला म्हणाली, "हिमानी, मला चौऱ्याहत्तर सुरू आहे. माझ्याच्यानं पुन्हा एवढा प्रवास व्हायचा नाही. मार्चमध्ये मी परत जाणार. त्याआधी तुम्हा दोघांना मला एका जागी बसलेलं बघायचंय."

आईनं त्यालाही फोन केला. त्याचा निरोप आला की ताईच्या घरी नको, बाहेर कुठेतरी भेटू. आई म्हणाली, समुद्रावर जाऊ. फेब्रुवारीतल्या एका लांब वीकेंडला दोन दिवस रजा जोडायची असं ठरलं. आणि मी कामाला लागले.

"फ्लोरिडा चालेल का?" शंतनूनं ग्रुपवर लिहिलं. दोन वर्षांत त्यानं माझ्यासाठी लिहिलेलं हे पहिलं वाक्य.

मी लिहिलं, फेब्रुवारीत फ्लोरिडाचं पाणी गार असतं, आईला मानवणार नाही. दोन दिवसांनी त्यानं लिहिलं, फ्लोरिडाला ड्राइव्ह करून जाता येईल. मी लिहिलं, आईचे गुडघे सात तास गाडीत बसण्यासारखे नाहीत. आठवड्यानं पुन्हा, "फ्लोरिडा सोपं पडेल गं." आता मात्र मी भडकले. मी लिहिलं, "मेक्सिकोला काहीही लागत नाही, आम्ही तीनदा जाऊन आलोय. यायचं नसेल तर सरळ सांग, कारणं देऊ नकोस."

दोन दिवस ग्रुपवर चिडीचूप. मग त्याचा मेसेज आला, "येतो." पाठोपाठ तिकीट. आईनं आधीच बजावलं होतं की सगळे एकाच विमानानं जायचं. त्यामुळे तो सिॲटलहून रात्रीच्या विमानानं अटलांटाला येणार, आणि तिथून पुढे आम्ही चौघं.

मग सुरू झाली बीचची निवड. इंटरनेटवर एका बीचबद्दल दोन माणसांचं एकमत झालेलं मी अजून पाहिलेलं नाही. एक म्हणतो स्वर्ग आहे, दुसरा म्हणतो शेवाळाच्या वासानं डोकं उठलं. इस्ला मुहेरेसचा उत्तरेचा बीच सगळ्यांत उथळ, पण तिथं फेरीनं जावं लागतं. आईनं विचारलं, "बोट हलते का?" बोट हलणारच. तो बाद. अकुमालला कासवं दिसतात, पण ती बघायला पोहावं लागतं, आणि आमच्यात फक्त प्रतापला पोहता येतं, तेही तो सांगतो म्हणून. तुलुमचा बीच फोटोत असा दिसतो की तिकीट काढूनच टाकावं, पण खाली उतरायला पायऱ्या. पायऱ्या किती हे कुणी लिहीत नाही. मी तीन जणींना इन्स्टाग्रामवर मेसेज करून विचारलं, एकीनंही उत्तर दिलं नाही. प्वेर्तो मोरेलोसला बाक आणि सावली दोन्ही आहेत, पण लोक लिहितात की वाळूत समुद्री गवत. मी रोज सकाळी चहा पिताना तिथला लाइव्ह कॅमेरा लावून ते गवत बघत बसायचे.

"अगं, मला नुसतं बसायचंय," आई म्हणायची. "एका बाजूला तू, एका बाजूला तो. समोर पाणी असलं की झालं."

"ते कळलं आई. पण कुठे?"

"कुठेही."

हे 'कुठेही' ऐकलं की माझ्या अंगाचा तिळपापड होतो. कुठेही म्हणजे मीच ठरवायचं, आणि चुकलं तर मीच ऐकायचं.

शेवटी अकरातून तीन उरले. पहिल्या दिवशी हॉटेलसमोरचा, सगळ्यांची सवय व्हावी म्हणून. दुसऱ्या दिवशी प्वेर्तो मोरेलोस. तिसऱ्या दिवशी श्पुहा, कारण तिथं गर्दी कमी, पाणी शांत आणि माडाखाली खुर्च्या मिळतात. श्पुहासमोर तक्त्यात मी काही लिहिलं नव्हतं, पण मनात ठरवलं होतं. तिथं आईला खुर्चीत बसवायचं, प्रतापला कुठेतरी पिटाळायचं आणि शंतनूशी बोलायचं. त्या फोनबद्दल. माफी वगैरे मागायची असं ठरवलं नव्हतं, कारण चूक फक्त माझी होती असं मला आजही वाटत नाही. पण मी कट केला होता, आणि ती गोष्ट दोन वर्षं मला सलत होती. कुठूनतरी सुरुवात करावी लागणार होती आणि त्याला शांत जागा हवी होती.

निघायच्या दिवशी अटलांटाच्या विमानतळावर तो आमच्याआधी येऊन उभा होता. केस पांढरे झाले होते. मला ते माहीत नव्हतं. आई त्याच्या गळ्यात पडली. प्रतापनं त्याच्या पाठीवर थाप मारली. मी म्हटलं, "नाश्ता झाला का?" तो म्हणाला, "हो ताई." दोन वर्षांनी प्रत्यक्ष बोललो ते एवढं. मला ते पुरेसं वाटलं. श्पुहा होताच.

काउंटरवरच्या बाईनं आमचे पासपोर्ट घेतले. माझा आणि प्रतापचा निळा अमेरिकन. ते दोन मिनिटांत झाले. आईचा भारतीय, त्यात दहा वर्षांचा टूरिस्ट व्हिसा. तोही झाला. शंतनूचा घेऊन ती पानं उलटायला लागली. पुढे गेली, मागे आली. मग विचारलं, "मेक्सिकोचा व्हिसा आहे का?"

"त्याला लागत नाही," मीच म्हणाले.

तिनं त्याच्या पासपोर्टातलं एक पान उघडून आमच्याकडे फिरवलं. अमेरिकेचा व्हिसा, मुदत संपून तीन वर्षं झालेली. पासपोर्टात चिकटवलेल्या या व्हिसाला इथली आपली माणसं स्टॅम्प म्हणतात. नोकरीची परवानगी इथल्या इथे कागदावर वाढत राहते. स्टॅम्प मात्र देशाबाहेर जाऊन मिळवावा लागतो, आणि तो मिळेपर्यंत बाहेरच अडकून पडायची भीती असते. म्हणून शंतनूसारखे लोक वर्षानुवर्षं बाहेर जातच नाहीत. हे मला माहीत होतं. पण माहीत होतं ते दुसऱ्यांच्या अडचणी माहीत असतात तसं. आमचा ग्रीन कार्डचा नंबर लवकर लागला होता, रांग वाढायच्या आधी.

शंतनूनं बॅगेतून एक प्लास्टिकची फाइल काढली. त्यात सगळं होतं. प्रत्येक वर्षाचा मंजुरीचा कागद, पगाराच्या पावत्या, कंपनीचं पत्र, वकिलाची ईमेल छापून घेतलेली. सगळं तारखेनुसार, रंगीत चिठ्ठ्या लावून. तो एकेक कागद काउंटरवर ठेवत होता आणि हळू आवाजात समजावत होता. मेक्सिकोत महिन्याच्या आत राहून परत आलं तर जुन्या स्टॅम्पवरही अमेरिकेत घेतात, असा नियम आहे, हे बघा. बाईनं सगळं नीट वाचलं. ती म्हणाली, "सर, हे अमेरिकेत परत येण्याचं आहे. मेक्सिकोत शिरायला चालू असलेला अमेरिकन व्हिसा लागतो, नाहीतर ग्रीन कार्ड, नाहीतर त्यांचा व्हिसा."

मग मी सुरू झाले. मी सुपरवायझरला बोलवा म्हटलं, सुपरवायझर आली. मी तिला नियम दाखव म्हटलं, तिनं स्क्रीन फिरवून दाखवला. मी म्हटलं आमच्यासोबत वयस्कर आई आहे. ती म्हणाली, आय ॲम सो सॉरी मॅम. रांगेतले लोक बघत होते. प्रताप माझी बाही ओढत होता. काही उपयोग नाही हे कळल्यावर मी शंतनूकडे वळले.

"तू बघितलं नव्हतंस? एवढी फाइल करतोस आणि साधी गोष्ट बघत नाहीस?"

तो कागद पुन्हा तारखेनुसार लावत होता. म्हणाला, "परत यायचं सगळं तपासलं होतं ताई. वकिलाला दोनदा विचारलं. तिकडे जायचं तपासायला हवं, हे मला सुचलंच नाही. आणि तू म्हणाली होतीस, काही लागत नाही."

मी म्हटलं होतं खरं. तक्त्यात बाथरूम किती लांब ते होतं, गवत होतं, पायऱ्या होत्या. माझ्या भावाच्या पासपोर्टात काय आहे, त्याचा रकाना नव्हता.

"तुम्ही तिघं जा," तो म्हणाला. "आईला दाखवा. मी संध्याकाळच्या विमानानं परत जातो."

खरं सांगते, एक क्षण मला वाटलं की जावं. महिनाभर मी खपले होते. विमान तासाभरात सुटणार होतं आणि पलीकडे ऊन होतं. मी तोंड उघडणार एवढ्यात आई रांगेतून बाजूला झाली आणि माझ्या मोठ्या सूटकेसवर जाऊन बसली.

"मी कुठेही जात नाही," ती म्हणाली. "प्रतापराव, या देशाला स्वतःचा समुद्र नाही का?"

"आहे की," प्रताप म्हणाला. "टायबी आयलंड. गाडीनं चार तास."

"मी फ्लोरिडा म्हणत होतो," शंतनू म्हणाला.

"तीनदा म्हणालास," मी म्हटलं. त्या क्षणी मला पहिल्यांदा कळलं की तो तेव्हा कारणं देत नव्हता. स्टॅम्पचं नाव काढलं की मी पुन्हा बाबांपाशी येणार, हे त्याला ठाऊक होतं. म्हणून तो फक्त फ्लोरिडा म्हणत राहिला होता.

आम्ही पार्किंगमधून गाडी काढली आणि टायबीच्या रस्त्याला लागलो. आईचे गुडघे दुखत होते आणि ती दुखत नाहीत म्हणत होती. वाटेतल्या मेकन गावाच्या पुढे आम्ही एका गॅस स्टेशनवर थांबून चिप्स आणि कॉफी घेतली. मी हॉटेल कॅन्सल केलं, प्वेर्तो मोरेलोसची गाडी कॅन्सल केली, श्पुहाच्या चार खुर्च्या कॅन्सल केल्या. कॅन्सल का करताय, असं दर वेळी फॉर्ममध्ये विचारत होते. मी दर वेळी 'इतर' निवडलं. माझी इतकी चिडचिड होत होती की रडू येईल असं वाटलं, पण गाडीत सगळ्यांसमोर रडायची मला सवय नाही.

टायबीला पोचलो तेव्हा तीन वाजून गेले होते. असा बीच मी यादीत कधीच घेतला नसता. पाणी मातकट. बोचरा वारा. माड नाही, सावली नाही, आणि आभाळ असं की सावलीची गरजही नाही. सबंध किनाऱ्यावर एक बाई आणि तिची दोन कुत्री. टेकायला खुर्ची तर सोडाच, साधा बाकही जवळ नव्हता. शंतनूनं गाडीतून माझी मोठी सूटकेस काढली, वाळूतून फरफटत आणली आणि आडवी टाकली. आई प्रतापचं जॅकेट घालून, कानाला स्कार्फ बांधून तिच्यावर बसली.

"तू इकडे बस," ती मला म्हणाली, मग शंतनूला, "तू इकडे."

आम्ही तिच्या दोन बाजूंना वाळूत बसलो. तिनं एकदा उजवीकडे बघितलं, एकदा डावीकडे.

"हं," ती म्हणाली. "झालं."

प्रताप फोटो काढतो म्हणून मागे गेला आणि मग गाडीकडेच निघून गेला. त्याला पिटाळावं लागलं नाही. मी समोर बघत होते. श्पुहाला मी काय बोलणार होते ते सगळं पाठ होतं, आता त्यातलं एक वाक्यही आठवेना.

"त्या दिवशी मी फोन कट केला," मी म्हटलं.

"हं."

"का विचारलंस चष्म्याचं? त्या वेळेला?"

आई समुद्राकडे बघत होती. तिला ऐकू येत होतं.

"मला बाबा ओळखू येईनात, ताई," तो म्हणाला. "चष्म्याशिवाय मी त्यांना कधी बघितलंच नव्हतं. पेपर वाचतावाचता झोपले तरी तो तसाच असायचा. फोनमध्ये चेहरा एवढासा दिसत होता. मला वाटलं, कुणी लावला तर एकदा नीट दिसतील. मग कॉल गेला."

"मग?"

"मग काही नाही. इथल्या सकाळी आठ वाजता मीटिंग होती. मी जॉइन झालो. नवीन नोकरी होती, कुणाला सांगितलं नव्हतं. माझी अपडेट दिली."

चष्मा तेव्हा माझ्या पर्समध्ये होता. हॉस्पिटलनं तो आईकडे दिला होता आणि आईनं माझ्याकडे, हा ठेव म्हणून. स्मशानात ती पर्स माझ्या खांद्याला होती. चेन उघडून, काढून, बाबांच्या डोळ्यांवर ठेवायला किती वेळ लागला असता? मी दोन वर्षं शंतनूला दोष दिला, आणि तो जे मागत होता ते माझ्या काखेत होतं.

"माझ्याकडे होता," मी म्हटलं. आता मात्र मला रडू आलं, आणि मी ते येऊ दिलं. "माझ्याच पर्समध्ये होता रे. मी काढला नाही. माझं चुकलं."

आईच्या गुडघ्यावरून हात पलीकडे करून त्यानं माझ्या हातात गॅस स्टेशनवरचा कागदी रुमाल दिला. त्याला चिप्सचं तिखट लागलं होतं. मी त्यानंच नाक पुसलं.

"आता कुठे आहे?" त्यानं विचारलं.

"घरी. पासपोर्टच्या ड्रॉवरमध्ये." आज पहाटे पासपोर्ट काढतानासुद्धा तो माझ्या हाताला लागला होता, आणि मी नेहमीसारखा बाजूला सारला होता.

शंतनू उठला. पँटची वाळू झटकली.

"अल्फारेटा इथून किती लांब?"

"पावणेपाच तास."

"अर्धा रस्ता मी चालवतो," तो म्हणाला आणि आईला उठवायला त्यानं हात पुढे केला. आई उठली. सूटकेसच्या चाकांमध्ये वाळू अडकून ती हलेना, तसा तो खाली बसून बोटानं वाळू काढायला लागला.

"राहू दे रे," आई म्हणाली. "घरी गेल्यावर झटकू."